गिरिजाची भिंत आणि अप्पांचा पत्रा

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. आमच्या घरी पिठाची गिरणी आहे. दिवसभर कितीही झाडा, संध्याकाळी कपाटावर, देवाच्या फोटोवर आणि माझ्या भुवयांवर पीठ असतंच. किस्स्यांचंही तसंच होतं. शेजारच्या घराची आणि आमची कंपाउंडची भिंत एकच. ती छातीएवढी, आणि दळण होईपर्यंत माझ्याकडं वेळच वेळ. मग थोडं अंगावर बसलं तर त्यात माझा काय दोष?

शेजारी म्हणजे अप्पा. निलंग्याकडं एका खेड्यात त्यांचं किराणा दुकान होतं. भूकंपात दुकान गेलं, घर गेलं, घरात झोपलेली आई गेली. अप्पा अंगणात होते म्हणून राहिले. मग लातूरला आले, इथं पुन्हा दुकान टाकलं, पै-पै करून घर बांधलं. कॉलम, बीम, वर स्लॅब, एकदम मजबूत. आणि त्या घरात अप्पा एकदाही झोपले नाहीत!

जेवायला घरात, लिंगपूजेला घरात, टीव्हीवरच्या बातम्यांना घरात. झोपायला मात्र अंगणातलं पत्र्याचं शेड. थंडी असो, पाऊस असो, बाज तिथंच. आता वय झालं, छातीत कफ भरतो. डॉक्टरांनी बजावलं, की रात्रीचं बाहेर झोपणं बंद. अप्पांनी डॉक्टर बदलला. दुसरा डॉक्टरही तेच म्हणाला, तर म्हणाले, "हे दोघं एका कॉलेजातले दिसतेत."

त्यांची बायको म्हणजे आमच्या अक्का. एवढ्या वर्षांत अक्कांनी देवाकडं दुसरं काही मागितलं नाही. ह्या माणसाला एकदा स्लॅबखाली झोपव, एवढंच. आणि गिरिजा ही त्यांची एकुलती एक. भूकंपाच्या वेळी अक्कांच्या पोटात होती, अक्का तेव्हा बाळंतपणाला माहेरी गेलेल्या. आता नांदेडला इंजिनिअरिंग कॉलेजात पीएचडी करते आणि दर शनिवारी एसटीनं घरी येते. विषय विचाराल तर भूकंप. दुसरा कुठला असणार?

*

आमच्या गल्लीत एक रीत आहे, ती तुम्हाला दुसरीकडं कुठं सापडायची नाही. जमीन हलेल असं काहीही करायच्या आधी अप्पांना सांगायचं.

आमची गिरणी सुरू झाली की भिंत थोडी थरथरते. म्हणून आमचे हे बटणावर हात ठेवून रोज हाळी देतात, "अप्पा, गिरणी चालू करतो हो!" तिकडून "करा की" आलं की मगच बटण. कुणाला भिंतीत खिळा ठोकायचा असला तरी पोरगं आधी अप्पांकडं येतं. आम्हाला आता त्याचं काही वाटतही नाही.

एकदा मागच्या गल्लीत कुणीतरी बोअर मारायला गाडी आणली. ते नवीन लोक, त्यांना काय माहीत. मशीन सुरू झालं, जमीन धडधडली, आणि अप्पा ताट-पळी बडवत रस्त्यावर आले. पाच मिनिटांत सगळी गल्ली बाहेर. कुणाच्या तोंडाला साबण, कुणाच्या हातात अर्धी भाकरी. मी स्वतः एका हातात गॅसचं पुस्तक आणि दुसऱ्या हातात लोणच्याची बरणी घेऊन उभी होते. लोणच्याची का, ते मला आजही सांगता येत नाही.

बोअर मारणाऱ्यांचा मालक माफी मागायला आला. अप्पा त्याला इतकंच म्हणाले, "बाबा, माणूस घरात यायच्या आधी कडी वाजवतो. तू तर जमिनीत चाललास."

*

गिरिजा भिंतीवर पीएचडी करते, ही बातमी गल्लीला मीच दिली. त्याचा परिणाम असा झाला, की शनिवारी ती बसमधून उतरली रे उतरली की लोक आपापल्या भिंती घेऊन हजर. कुणाच्या भिंतीला ओल, कुणाचा रंग सुटतोय, कुणाच्या देवघराची भिंत वास्तूवाल्यानं पाडायला सांगितलेली.

शेवटी पोरगी बेजार झाली. म्हणाली, "काकू, माझी भिंत विटांची न्हाई. पोलादाची हाय."

मी म्हटलं, मग बघायला तरी ने एकदा.

"ती कुठंच न्हाई, काकू. कंप्युटरात हाय."

म्हणजे जिच्या पायी ही पोरगी इतकी वर्षं नांदेड-लातूर हेलपाटे घालत होती, ती भिंत जगात कुठंच नव्हती! मी ही दुसरी बातमी गल्लीला दिली. तेव्हापासून लोक यायचे बंद झाले.

*

पण भिंत आहे तरी काय, हे मला समजून घ्यायचंच होतं. मी दहावीपर्यंत शिकलेली. गिरिजानं सांगितलं, की ह्या पद्धतीला फायनाईट एलिमेंट म्हणतात. भिंतीचे बारीक बारीक चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाचा हिशेब कंप्युटरानं करायचा, आणि सगळे चौकोन शेजारच्या चौकोनाला धरून राहतात की नाही ते बघायचं. मी म्हटलं, ही तर गोधडी झाली. ती म्हणाली, "हाव, गोधडीच. फक्त टाके मोजायचे."

उरलेलं तिनं ओल्या चादरीवर दाखवलं. मी वाळत घालत होते, तर म्हणाली, धरा दोन टोकं. वरचं एक टोक मी ओढलं, खालचं समोरचं टोक तिनं ओढलं. चादरीला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरक्या चुण्या पडल्या, आणि त्या चुण्यांमुळंच चादर ताणून धरली गेली. तसा म्हणे इमारतीच्या दोन खांबांमध्ये पोलादाचा पातळ पत्रा बसवायचा. भूकंपानं इमारत एकीकडं ओढली की पत्रा तिरका सुरकुततो, दुसरीकडं ओढली की उलटा सुरकुततो. सुरकुततो, पण सोडत नाही.

"आणि हे तू पीएचडीला शिकलीस?" मी विचारलं.

"हाव."

"चादर कुणी शिकवली?"

"अक्कानं."

अक्का ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या न बघताच म्हणाल्या, "मग मला कुणी डॉक्टर म्हणंना कसं?"

*

कंप्युटरला हे हिशेब करायला दोन-दोन दिवस लागतात. तेवढ्या वेळात लॅपटॉपला हात लावायचा नाही, ही घरात सक्त ताकीद.

दसऱ्याच्या सुट्टीत गिरिजा घरी आली, ती हिशेब चालू ठेवूनच. आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा. आम्ही गिरणीची करतो, अप्पा दुकानातल्या तराजूची करतात. गिरिजा बाहेर गेली होती. अक्कांनी विचार केला, पोरीचं हत्यार तेवढं राहायला नको. त्यांनी लॅपटॉप उचलला, नीट मिटला, त्याच्या पाठीवर भस्माचे तीन पट्टे ओढले, झेंडूचं फूल ठेवलं आणि तराजूशेजारी पाटावर बसवला.

हिशेब अर्थातच मेला. गिरिजा आल्यावर पाटासमोर मटकन बसली. अक्कांना वाटलं, नमस्कार करतेय.

नांदेडच्या तिच्या गाईड सरांनी फोन केला, रिझल्ट कुठंय म्हणून. गिरिजा म्हणाली, "सर, पूजेला बसलाय."

सर मूळचे देगलूरचे. ते एका शब्दानंही रागावले नाहीत. म्हणाले, "बसू दे. उठल्यावर पाठव."

*

एकदा गिरिजा पेढे घेऊन आली. म्हणे भिंतीचा हिशेब लागला, आणि भिंत अशी दणकट निघाली की कितीही ढकला, सुरकुतायचं नाव नाही. पेढा माझ्या तोंडात होता तेवढ्यात सरांचा फोन आला. फोन स्पीकरवर नव्हता, पण सरांचा आवाज मोठा आहे.

सर म्हणत होते, "एवढा सरळ पत्रा जगात कुणी बघितलाय का? त्याच्यात थोडी खोट घाल, मग बघ."

गिरिजानं मला समजावलं. कंप्युटरातला पत्रा अगदी सपाट असतो. त्याला डावीकडं वाकावं की उजवीकडं, तेच कळत नाही, म्हणून तो वाकतच नाही आणि खोटा जोर दाखवतो. खरा पत्रा कारखान्यातनंच जरा फुगीर येतो. म्हणून आधी मुद्दाम थोडी खोट घालायची, मग हलवायचं, तेव्हा कुठं खरं उत्तर येतं. पेढे तोवर वाटून झाले होते.

त्याच महिन्यात मी तिच्यासाठी उदगीरचं एक स्थळ आणलं. मुलगा बँकेत, घर चांगलं, निर्व्यसनी, आवाज चढवून बोलत नाही, आईचं ऐकतो, बायकोचंही ऐकेल म्हणतो. मी सगळं सांगितलं. गिरिजानं शांतपणे ऐकून घेतलं.

"काकू, खोट काय हाय त्याच्यात?"

मी छाती ठोकून म्हटलं, "काहीसुद्धा नाही."

"मग न्हाई जमायचं. भार पडल्यावर कुठं वाकंल ते कळत न्हाई असल्यांचं."

*

भिंत तयार झाली, खोट घालून झाली, आता ती हलवायची होती. त्यासाठी म्हणे खऱ्या भूकंपाची नोंद लागते. गिरिजाकडं जपानचा भूकंप होता, अमेरिकेचा होता. आमच्या ह्यांना फार लागलं ते. म्हणाले, "आपल्याकडं काय भूकंपाची कमी होती, की बाहेरचा आणलास?"

गिरिजा म्हणाली, "आपला कुणी नोंदवलाच न्हाई, काका. तवा तिथं मशीनच नव्हतं."

मग काय, मशीन नव्हतं तर आम्ही होतो! आमच्या ह्यांनी अप्पांच्या शेडातली बाज धरली आणि डावी-उजवी हलवून दाखवली, की असा आला होता. मी सांगितलं, मुळीच नाही, आधी खालून धक्का आला. मी बाज उचलून आपटली. अक्का म्हणाल्या, गोल फिरला. त्यांनी बाज फिरवायला घेतली. एकाच भूकंपाचे आम्ही तिघं साक्षीदार. बाजेचा एक पाय मोडला, पण एकमत झालं नाही.

अप्पा उभे राहून बघत होते. गिरिजानं मग लॅपटॉप त्यांच्यापुढं धरला आणि तिची भिंत हलवून दाखवली. भिंत इकडं वाकली, तिकडं वाकली, हिरवी झाली, पिवळी झाली, लाल झाली, तिरक्या चुण्या पडल्या, पण उभी राहिली. पोरगी बापाच्या तोंडाकडं बघत होती. हे सगळं शिक्षण कशासाठी चाललंय ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

अप्पांनी शेवटपर्यंत बघितलं.

"मुकी हाय की," ते म्हणाले.

गिरिजाला वाटलं, आवाज कमी आहे. तिनं वाढवला. त्यात आवाज नव्हताच.

"आपली दगडाची भिंत अशीच होती," अप्पा म्हणाले. "पडली आधी. आवाज मागून आला." आणि मोडक्या पायाखाली वीट लावायला ते वाकले.

*

शेवटी सर म्हणाले, नुसतं कंप्युटरावर भागायचं नाही, एक छोटी खरी भिंत करून बघू. नांदेडच्या लॅबमध्ये दाराएवढा पत्रा लोखंडी चौकटीत बसवला. एका बाजूनं तो जॅकनं ढकलायचा, मग उलटा ओढायचा.

लॅबमध्ये एक शिपाई आहेत, नाव बळीराम. तिथं असली कामं रोज चालतात, म्हणून ते कोपऱ्यात डबा उघडून निवांत बसले होते. पहिल्यांदा ढकललं तेव्हा पत्रा नुसता कुरकुरला. उलटं ओढल्यावर मात्र एका बाजूच्या चुण्या दुसऱ्या बाजूला उलटताना असा काही दणका झाला, की बळीराम डबा टाकून थेट गेटवर. तिथून त्यांनी फोन करून विचारलं, "किती गेले?"

कुणीच गेलं नव्हतं. पत्रा सगळा सुरकुतला होता, पण चौकटीला धरून उभा होता. कंप्युटरानं सांगितलेल्या चुण्या आणि खऱ्या चुण्या जवळजवळ सारख्या पडल्या होत्या. सरांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला. बळीरामांनी तो गेटवरच घेतला.

*

मग आला तो दिवस, ज्याला व्हायवा म्हणतात. ही परीक्षा सगळ्यांसमोर असते आणि घरच्यांनाही बसू देतात. मी घरची नाही, पण मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. अप्पा, अक्का आणि मी पहाटेच्या एसटीनं नांदेडला गेलो.

हॉलमध्ये अप्पांनी दाराजवळची खुर्ची धरली. लग्नकार्यात, दवाखान्यात, कुठंही गेले तरी त्यांची जागा ती. बाहेरून आलेले परीक्षक गिरिजाला एकेक विचारत होते, ती उत्तरं देत होती. मला फक्त "भिंत" एवढाच शब्द कळत होता, तोही ती इंग्रजीत म्हणत होती. अक्का पदरात तोंड घालून जप करत होत्या.

शेवटी परीक्षक रीतीप्रमाणे म्हणाले, की श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. कुणी विचारत नसतं म्हणे. सगळे उठायच्या बेतात होते.

दाराजवळून अप्पांनी हात वर केला.

गिरिजाचं तोंड उतरलं. अक्कांनी जप थांबवला. अप्पा उभे राहिले, टोपी सारखी केली आणि पोरीला नाही, परीक्षकांना विचारलं, "साहेब, ही भिंत पडायच्या आधी सांगती का?"

परीक्षकांना कळलं नाही. सरांनी इंग्रजीतून समजावलं. परीक्षक थोडं हसले आणि म्हणाले, प्रश्न चांगला आहे, पण ह्या प्रबंधाच्या कक्षेत येत नाही.

"सांगते, अप्पा," गिरिजा म्हणाली. एवढा वेळ इंग्रजीत बोलणारी पोरगी एकदम आमच्या अंगणातलं बोलायला लागली. "कंप्युटरात मुकी हाय. पण खरी लई वाजते. आधी वाजते, मग सुरकुतते, आणि तरी उभी राहते. उठायला वेळ भेटतो."

अप्पांनी परीक्षकांकडं बघितलं. परीक्षकांनी सरांकडं बघितलं. सरांनी मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बळीरामांकडं बघितलं.

"मी साक्षीला हाय साहेब," बळीराम म्हणाले. "गेटापर्यंत वेळ भेटतो."

*

गिरिजा पास झाली. लॅबच्या मागं तो सुरकुतलेला पत्रा चौकटीतून काढून ठेवला होता, तो अप्पांनी मागून घेतला. भंगारातच जाणार होता, सरांनी देऊन टाकला.

परतीच्या एसटीत कंडक्टर अडून बसला, की हा काय आहे ते सांगा, तरच आत घेतो.

"पीएचडी," अप्पा म्हणाले.

कंडक्टरनं पत्र्याच्या चुण्यांवरून हात फिरवला. "मग लगेज लागंल," तो म्हणाला.

रविवारी बापलेक दिवसभर घरात ठाकठूक करत होते. त्याआधी अप्पांनी स्वतः भिंतीवरून डोकावून मला सांगितलं, "वैनी, जरा ठोकून राहिलोय, घाबरू नका." मी काहीतरी निमित्त काढून वाटी घेऊन गेले, तर मधल्या खोलीत तो पत्रा भिंतीवर टांगलेला. वरची दोन टोकं तारेनं अडकवलेली, खालचं मोकळं. रस्त्यानं टेम्पो गेला की खडखड वाजायचा. मी विचारलं, हे काय. गिरिजा म्हणाली, "काही न्हाई, काकू. जमिनीला कडी बसवली."

सोमवारी सकाळी आमच्या ह्यांनी बटणावर हात ठेवला आणि नेहमीसारखी हाळी दिली, "अप्पा, गिरणी चालू करतो हो!"

शेडातून उत्तर आलं, "करा की, भाऊ."

आवाज अक्कांचा होता.

ह्यांनी बटण दाबलं. मी भिंतीवरून वाकून बघितलं. शेडातल्या बाजेवर, विटेच्या पायाकडं डोकं करून, डोक्यापर्यंत पांघरूण घेऊन अक्का पडल्या होत्या. डोळे लाल. घराचं दार उघडं होतं. आतून गिरणीच्या तालावर पत्रा थडथड वाजत होता, आणि पत्र्याच्या वर आवाज चढवून अप्पा घोरत होते.

"अक्का, तुम्ही हितं कशा?"

"मला भूकंपाचं भ्या न्हाई, सुनंदा," अक्का म्हणाल्या आणि कूस बदलली. "पण त्या पत्र्यापाशी माणूस झोपंल का?"